फुप्फुसाचं ऑपरेशन आणि घटलेलं वजन

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन कुणावर करता येतं आणि कुणावर नाही, हे आपण मागच्या भागात पाहिलं. ज्यांना ‘करता येईल’ असं उत्तर मिळालंय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आजचा भाग आहे. विषय जेवणाचा आहे.

मी बंगळुरूत कॅन्सरच्या रुग्णांसाठी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्या मराठी घरांत दोन तऱ्हा दिसतात. एक म्हणजे बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदर, भालकीकडून रात्रीच्या गाडीनं आलेली मंडळी. दुसरी म्हणजे मुलगा-सून इथे नोकरीला आहेत म्हणून सोलापूर-पुण्याहून उपचारासाठी आलेले आईवडील. दोघांचा पहिला प्रश्न मात्र अगदी एकच असतो : ‘काय खायचं नाही?’ पथ्याची वही उघडूनच बसलेले असतात. मी उलट विचारते, ‘सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं?’ याचं उत्तर क्वचितच कुणाला देता येतं. मग कुणीतरी सांगतं, पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडली. कुणी सांगतं, अंगठी सैल झाली म्हणून काढून ठेवली. लेकीच्या लग्नातल्या फोटोत गाल भरलेले दिसतात. माझ्या कामाला हा पुरावा पुरतो.

कारण फुप्फुसाच्या ऑपरेशनला सामोरं जाणाऱ्या माणसाचं वजन किती आहे, यापेक्षा ते किती घटलंय आणि किती दिवसांत घटलंय, हे जास्त महत्त्वाचं असतं. ६२ किलोचा माणूस सहा महिन्यांत ५५ किलोवर आला, तर ११ टक्के वजन गेलं. उंची मध्यम असेल तर ५५ किलो कुणाला फार कमीही वाटणार नाही. ‘बरे आहेत की, थोडे बारीक झालेत’ असं म्हणून आपण पुढे जातो. पण कुपोषणाचे जे निकष आज जगभर वापरतात, त्यांत आजार असताना सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटणं हीच धोक्याची खूण आहे आणि दहा टक्क्यांच्या वर गेलं की ते तीव्र कुपोषण धरतात. कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेळघाटातलं मूल येतं. बंगळुरूच्या एखाद्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसलेले निवृत्त आजोबाही त्याच व्याख्येत बसतात, हे पचायला वेळ लागतो.

ही गोष्ट काही आजची नाही. १९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये हायरम स्टडली नावाच्या सर्जननं जठराच्या अल्सरचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांचे कागद तपासले. ज्यांचं वजन ऑपरेशनआधी २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले साधारण तिघांतला एक दगावला होता. बाकीच्यांत हे प्रमाण साडेतीन टक्के होतं. सर्जन तेच, ऑपरेशन तेच. शस्त्रक्रियेचं तंत्र तेव्हापासून कुठल्या कुठे गेलं. आता बरगड्यांमधल्या छोट्या छिद्रांतून, कॅमेऱ्यावर बघत फुप्फुसाचा अख्खा खंड काढतात. पण खंगलेल्या शरीरावर ऑपरेशन जड जातं, ही स्टडलीची गोष्ट तशीच राहिली.

आता फुप्फुसाच्या बाबतीत ती जास्तच का लागू पडते, ते सांगते.

आपण श्वास घेतो तो फुप्फुसाच्या जोरावर नव्हे, स्नायूंच्या जोरावर. फुप्फुस हा स्पंज आहे, त्याला स्वतःला ताकद नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा पसरलेला श्वासपटलाचा स्नायू खाली ओढला जातो, बरगड्यांमधले स्नायू पिंजरा उचलतात, तेव्हा हवा आत येते. खोकताना पोटाचे स्नायू कामाला येतात. ऑपरेशननंतर पहिल्या तीन-चार दिवसांत रुग्णाचं खरं काम काय असतं? खोल श्वास घ्यायचा, तीन गोळ्यांच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रात गोळ्या वर उचलायच्या, दुखत असताना खोकून बेडका बाहेर काढायचा आणि उठून चालायचं. ही सगळी कामं स्नायूंची आहेत. ती झाली नाहीत तर कफ साचतो, फुप्फुसाचा उरलेला भाग मिटून बसतो आणि न्यूमोनिया होतो.

शरीराला प्रथिनांचं कोठार असं वेगळं नाही. चरबी साठवायला जागा आहे, साखर थोडीफार यकृतात राहते. प्रथिनं मात्र स्नायूंतच असतात. ताटातून कमी पडली की शरीर स्नायू मोडून ती भागवतं. मांडीचे, दंडाचे स्नायू आधी दिसतात म्हणून आपल्याला ते कळतात. श्वासपटल दिसत नाही. १९८२ साली अरोरा आणि रॉचेस्टर या संशोधकांनी मृत व्यक्तींची श्वासपटलं मोजून दाखवलं की शरीराचं वजन घटतं तसा हा स्नायूही बारीक होतो. म्हणजे फुप्फुसाचा तुकडा काढल्यावर ज्या स्नायूवर सगळी मदार असते, तोच आपण ऑपरेशनआधी खर्चून बसतो. जखम भरायलाही प्रथिनं लागतात. कापलेल्या श्वासनलिकेचं तोंड शिवलेलं असतं, फुप्फुसाच्या कडेतून हवा झिरपत असते. ते सगळं शरीरालाच सांधायचं असतं. हवा झिरपायची थांबली नाही तर छातीतली नळी निघत नाही आणि नळी निघाली नाही तर घरी सोडत नाहीत.

मग एवढं वजन घटतं का? भूक नाही म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. गाठीमुळे शरीरात एक धुमसता दाह चालू असतो. त्यातून सुटणारी रसायनं स्नायू मोडायला लावतात आणि मेंदूला भूक नाही असं सांगतात. त्यातल्या जीडीएफ-१५ नावाच्या प्रथिनावर सध्या बरंच काम चालू आहे. ते अडवणारं पोनसेग्रोमॅब नावाचं औषध दिल्यावर बारा आठवड्यांत रुग्णांचं वजन वाढलं, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. ते अजून चाचणीच्याच टप्प्यावर आहे, तेव्हा कुणी विकायला आणलं तर घेऊ नका. ‘ह्यांस्नी घासच उतरत न्हाई बगा, ताई’ असं एखादी वहिनी सांगते, तेव्हा ती नवऱ्याच्या हट्टाबद्दल बोलत नसते. गाठीच्या रसायनशास्त्राबद्दल बोलत असते. म्हणून रुग्णाला रागावून, ताटापुढे रडून किंवा शपथा घालून उपयोग होत नाही.

त्यात भर पडते ती आपल्याकडच्या वाटेची. फुप्फुसाचा कॅन्सर आणि टीबी यांची लक्षणं सारखी दिसतात : खोकला, बेडक्यात रक्त, बारीक ताप, वजन घटणं. आपल्या देशात टीबी इतका आहे की आधी त्याचाच संशय येतो, आणि अनेकांचे काही आठवडे, काही महिने त्या गोळ्यांवर जातात. वर बरेच जण वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढलेले. त्यांना आधीच दमा असतो. दमेकरी माणसाची श्वास घेण्यातच जास्त ऊर्जा खर्च होते, आणि पोटभर जेवलं की धाप लागते म्हणून तो चार घासांवर उठतो. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या, विडीला हातही न लावलेल्या बायकांतही हेच दिसतं.

टीबीवरून एक जुनी गोष्ट आठवली, ती जराशी आडवाटेची आहे पण सांगतेच. बंगळुरूत किडवई कॅन्सर संस्था, निम्हान्स आणि छातीच्या आजारांचं सरकारी रुग्णालय एकाच पट्ट्यात आहेत. या तिसऱ्या संस्थेच्या नावातली ‘एसडीएस’ ही अक्षरं शांताबाई देवराव शिवराम या नावाची आहेत. तिचं मूळ टीबीच्या सॅनिटोरियममध्ये आहे. मिरजेजवळ वानलेसवाडीला असंच सॅनिटोरियम होतं. औषधं नव्हती त्या काळात अशा ठिकाणी उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा आणि दूध-अंडी. तिथे वजनाचा तक्ता हा तापाच्या तक्त्याइतकाच महत्त्वाचा. मग औषधं आली. १९५९ साली मद्रासचा एक प्रसिद्ध अभ्यास छापून आला. सॅनिटोरियममध्ये चांगलं खाऊन बरे होणारे आणि घरी गरिबीतलं जेवून त्याच गोळ्या घेणारे, दोघेही जवळजवळ सारखेच बरे झाले. गरिबांसाठी ही फार मोठी बातमी होती, घरी राहून उपचार घ्यायची सोय त्यातून झाली. पण माझ्या मते त्याच वेळी छातीच्या आजारांच्या जगातून अन्न हा विषय हळूच मागच्या बाकावर गेला. तो परत पुढे आला २०२३ मध्ये. मंगळुरूचे डॉ. अनुराग भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना धान्य-डाळ देऊन पाहिलं. ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी दिसला. टीबी म्हणजे कॅन्सर नव्हे. एकाचे आकडे दुसऱ्याला लावता येत नाहीत. वजनाचा तक्ता मात्र दोन्हीकडे लावता येतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. निदान झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत साधारण तीन-चार आठवडे जातात. या दिवसांत रुग्ण जेवढा उपाशी राहतो, तेवढा एरवी कधीच राहत नसेल. पेट-सीटीला चार ते सहा तास उपाशी. दुर्बिणीतून श्वासनलिका बघायची म्हणून उपाशी. सुईनं तुकडा काढायचा म्हणून उपाशी. रक्ताच्या तपासण्यांना उपाशी. तपासणी सकाळची म्हणून रात्रीपासून काही नाही, नंबर लागतो दुपारी, तोवर भूक मेलेली असते. एक दिवस गेला. असे पाच-सहा दिवस सहज होतात. त्यात एकादशी, श्रावणी सोमवार आलाच, आणि ‘बरे होऊ दे, मग पाच गुरुवार करीन’ असा नवसाचा उपास रुग्ण स्वतःच धरतो. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ पदार्थ. प्रथिनं काय ती दाण्याच्या कुटातली. माझा सल्ला साधा आहे : प्रत्येक तपासणीच्या कागदावर ‘किती तास’ हे विचारून लिहून घ्या, आणि तपासणी झाल्या झाल्या खायला डबा बरोबर ठेवा. उपास घरातल्या दुसऱ्या कुणी करावा. देव समजून घेतो.

आणि मग पथ्य. ‘साखर कॅन्सरला खायला मिळते’ म्हणून गूळ-साखर बंद. ‘दुधानं कफ होतो’ म्हणून दूध-दही बंद. ‘मांसाहार गरम’ म्हणून अंडी-मासे बंद. ‘डाळीनं गॅस’ म्हणून उसळ बंद. उरतो मऊ भात, वरणाचं पाणी, पपई आणि कुणीतरी पाठवलेला गव्हांकुरांचा रस. माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या ताटातून महिन्याभरात सगळी प्रथिनं प्रेमानं काढून घेतलेली असतात. गाठीला साखर तुम्ही खाल्ली नाही तरी मिळते; शरीर ती स्नायू मोडून तयार करतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवीच, ऑपरेशनसाठी तर नक्कीच. पण त्यासाठी औषध वाढवून घ्या, जेवण कमी करू नका.

निपाणीकडचे एक काका होते, साठीचे. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेलं. उजव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढायचा होता. वजन ५५, सहा महिन्यांपूर्वी ६२. अल्ब्युमिन २.९. मी दिवसाचा हिशेब मांडला : दोन भाकऱ्या, एक वाटी भात, पातळ आमटी, दोन वेळा चहा, भाजी. सगळी मिळून प्रथिनं ३० ग्रॅमच्या आतच. ऑपरेशनआधी किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम हवीत, म्हणजे त्यांना ६६ ते ८२ ग्रॅम. सर्जननं ऑपरेशन बारा दिवस पुढे ढकललं. मुलगा उखडला, ‘तोवर गाठ वाढली तर?’ हा प्रश्न चुकीचा नाही आणि त्याचं उत्तर सर्जननंच द्यायचं असतं. पण तीव्र कुपोषण असेल तर कॅन्सरचं ऑपरेशनसुद्धा एक ते दोन आठवडे थांबवून आधी पोषण द्यावं, असं युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेलं आहे. फुप्फुसाची गाठ दोन आठवड्यांत सहसा जेवढी वाढते, त्यापेक्षा न्यूमोनिया जास्त महाग पडतो.

काका धर्मशाळेत राहत होते, एक शेगडी आणि दोन भांडी. तेव्हा यादी त्यातच बसवावी लागली. नंदिनीचं अर्धा लिटर दूध रोज, थोडं प्यायला आणि थोडं दह्याला : १५-१६ ग्रॅम. दोन उकडलेली अंडी : १२ ग्रॅम. मूठभर भाजलेले शेंगदाणे : ७ ग्रॅम. मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ, वाटीभर : ७ ग्रॅम. एकूण ४० च्या वर आणि नेहमीचं जेवण वेगळं. हे सगळं एकदम खाता येत नाही, म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं. शेंगदाणे दातांना जमेनात, मग त्यांच्या बायकोनं कूट दह्यात कालवून दिलं. सकाळी दहा वाजता कोसंबरी, तीही शेजारच्या खाटेवरच्या मंड्याच्या बाईंनी शिकवलेली. कोसंबरी म्हणजे आपली कोशिंबीरच, फक्त त्यात भिजवलेली मुगाची डाळ असते. आजारी माणसाला ती कच्ची न देता जरा वाफवून द्यायची. रोज दोनदा चालणं आणि एक जिना, कारण नुसती प्रथिनं ओतून स्नायू होत नाहीत. त्यांना काम द्यावं लागतं. विडी तर पहिल्याच दिवशी सुटली, आणि आठवड्याभरात ‘आमटीला चव आली’ म्हणाले. बारा दिवसांत वजन अवघं आठशे ग्रॅम वाढलं. पण घसरण थांबली होती, आणि पहिल्या दिवशी निम्म्या जिन्यात थांबणारे काका दोन जिने चढत होते. ऑपरेशननंतर नळी पाचव्या दिवशी निघाली.

बंगळुरूत स्वस्त खाणं मिळतं. इंदिरा कॅन्टीन २०१७ साली सुरू झाली तेव्हा पाच रुपयांत नाश्ता आणि दहात जेवण होतं. पोट भरतं त्यानं, पण इडली आणि भात यांत प्रथिनं थोडी. बरोबर दही किंवा अंडं आपलं आपण न्यावं. थंडीत इथे अवरेकाळूचा हंगाम असतो, म्हणजे आपला पावटा. तो घ्या. नाचणीचं इथे फार कौतुक आहे आणि कॅल्शियमसाठी ते रास्तही आहे, पण प्रथिनं शंभर ग्रॅममागे सातच. नाचणीची आंबील दुधात केली तर गोष्ट वेगळी. बाजारातल्या प्रथिनांच्या पावडरी वाईट नाहीत. अजिबात खाता येत नसेल तर त्या लागतातच. पण डब्यावरचा आकडा बघा, काहींत साखरच जास्त असते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे सगळे आकडे बदलतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका. आणि कुणी आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल, तर त्याला एकदम भरपेट खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं आणि जिवावर बेतू शकतं. हे काम रुग्णालयात, रक्त तपासत, हळूहळू करायचं असतं.

अल्ब्युमिनबद्दल एक सांगते. अहवालात ते कमी दिसलं की नातेवाईक ‘अल्ब्युमिनची बाटली लावा’ म्हणतात. अल्ब्युमिन ३ च्या खाली असलं की ऑपरेशनची जोखीम वाढते हे खरं. पण ते नुसतं खाण्यामुळे कमी होत नाही, दाहामुळेही होतं. महागडी बाटली लावून कागदावरचा आकडा सुधारतो, अंगावर स्नायू चढत नाही.

आता सोफ्यावरच्या आजोबांकडे येऊ. पोट सुटलेलं, वजन ७४, घटलेलं फक्त तीन-चार किलो. घरचे म्हणतात, ‘बरंच झालं, जरा कमी व्हायलाच हवं होतं.’ इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवावं. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्याच वजनात आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त निघते. म्हणून वजनकाटा आपल्याला फसवतो. आजोबांचे चार किलो गेले ते पोटावरून गेले असं आपण धरतो. ते मांडीवरून गेलेले असू शकतात. गंमत म्हणजे त्यांचं सीटी स्कॅन झालेलंच असतं, आणि त्याच चित्रांत मणक्याशेजारचे स्नायू दिसतात. रेडिओलॉजिस्टला ते मोजता येतात, फक्त कुणीतरी विचारावं लागतं.

घरी काय करता येईल? खुर्चीवर बसून पाऊल जमिनीवर टेकवा आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग शिंप्याच्या टेपनं मोजा. आशियाई लोकांसाठीच्या निकषांत पुरुषांत ३४ सेंटिमीटर, बायकांत ३३, याच्या आत आलं तर स्नायू कमी असल्याचा संशय घ्यावा. पायाला सूज असेल तर ही मोजणी कामाची नाही. दुसरं, हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर ते डॉक्टरांना सांगा. कुणीतरी शेजारी उभं राहा, म्हणजे तोल जायला नको.

हल्ली अनेकांना ऑपरेशनआधी केमोथेरपीबरोबर इम्युनोथेरपीच्या तीन फेऱ्या देतात. म्हणजे ऑपरेशनआधी दोन-तीन महिने मिळतात. हा वेळ दुधारी आहे. खाण्याकडे लक्ष दिलं तर शरीर सावरतं. मळमळ, तोंड येणं, चव जाणं यांकडे दुर्लक्ष केलं तर ऑपरेशनच्या दिवशी माणूस आणखी सहा किलोनं कमी झालेला असतो. दर आठवड्याला, एकाच काट्यावर, सकाळी, वजन लिहा. दोन आठवड्यांत दोन किलो गेलं तर पुढच्या फेरीची वाट न बघता फोन करा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री ‘दहानंतर पाण्याचा थेंबही नको’ ही जुनी रीत अजून कितीतरी ठिकाणी चालते. भुलीच्या सध्याच्या नियमांप्रमाणे जेवण सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी, बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. दूध इथे पाण्यात मोडत नाही, ते जेवणात मोडतं. मधुमेहामुळे पोट सावकाश रिकामं होत असेल किंवा गिळायला त्रास असेल तर नियम वेगळे. म्हणून भूलतज्ज्ञांना स्वतः विचारा, आणि ऑपरेशन दुपारवर गेलं तर पुन्हा विचारा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला जे सांगितलं, ते तुम्हाला लागू असेलच असं नाही.

ऑपरेशननंतर बहुतेकांना त्याच संध्याकाळी घोट-घोट पाणी आणि दुसऱ्या दिवशी जेवण देतात. आतड्याला हात लागलेला नसतो, तेव्हा ‘अजून वारा सरला नाही’ म्हणून थांबायचं कारण नाही. दुखण्याच्या औषधांनी मलावरोध होतो, त्याची गोळी मागून घ्या. पोट फुगलं की श्वासपटल वर ढकललं जातं आणि श्वास तोकडा होतो. दोन गोष्टी मात्र लगेच सांगायच्या. जेवण सुरू झाल्यावर छातीच्या नळीतलं पाणी दुधासारखं पांढरं दिसू लागलं, तर आतड्यातून स्निग्ध पदार्थ वाहून नेणारी बारीक नळी दुखावलेली असू शकते. लसीका-गाठी काढताना असं कधीकधी होतं. अशा वेळी काही दिवस जवळजवळ बिनतेलाचं जेवण द्यावं लागतं, किंवा वेगळ्या प्रकारचं एमसीटी तेल. नारळाचं तेल म्हणजे तेच, असं समजून घरचा डबा आणू नका. त्यातला बराच भाग साध्या तेलासारखाच त्या नळीतून जातो. दुसरी गोष्ट : आवाज एकदम घोगरा झाला आणि पाणी पिताना ठसका लागू लागला, तर स्वरयंत्राची नस दुखावलेली असू शकते. मग पाणी श्वासनलिकेत जातं. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पातळ काही देऊ नका. घट्ट दही, घट्ट खिचडी बरी, तीही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आणि माणसाला सरळ बसवून.

घरी सोडताना कागदावर औषधं लिहिलेली असतात, टाके काढायची तारीख असते. त्यावर त्या दिवशीचं वजन लिहून मागा. पहिले सहा आठवडे प्रथिनं ऑपरेशनआधीसारखीच चालू ठेवायची, कारण पुढे केमोथेरपी लागणार असेल तर ती साधारण याच सुमारास सुरू होते आणि तिचा डोस वजन-उंचीवरून काढतात. पहिल्या भेटीला येताना रिपोर्टच्या फाइलबरोबर ती वजनाची वही घेऊन या.